पाटाचे पाणी कोठून सुटते?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी व्याख्यान देणारी बाई नाही. चिटणीसबाईंनी "सहलीची हकीकत सांगा" म्हटले तेव्हा मी म्हणाले, "त्यापेक्षा शंभर माणसांचा स्वयंपाक सांगा, करते." पण त्या ऐकेनात. तेव्हा जे पाहिले आणि पाहून जे मनात आले, ते चार शब्दांत सांगते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या मंडळाची सहल दरसाल निघते. नेवासे झाले, देवगड झाले, शिर्डी तर कितीदा झाली. या वेळी बैठकीत आपल्यातल्या एका नव्या सुनेने विचारले, "काकू, पाटाला पाणी सुटले, पाणी सुटले म्हणतात, ते सुटते कोठून?" बैठकीत आम्ही सोळाजणी होतो. कोणी म्हणाले भंडारदऱ्याहून, कोणी म्हणाले ओझरहून. पण ती दोन्ही ठिकाणे पाहिलेली त्यात एकही निघाली नाही. मी लग्न होऊन बेलापुरास आले त्याला अडतीस वर्षे झाली. अडतीस वर्षे या पाण्यावर आमचे घर चालले, मुलांची शिक्षणे झाली, आणि ते कोठून निघते हे मी डोळ्यांनी पाहिले नव्हते. मला त्याची लाज वाटली. तेव्हाच ठरले, की या वर्षी देवदर्शन राहू द्या, पाणी पाहायला जाऊ.

माघ महिन्यात, पाटाचे आवर्तन चालू असताना, आम्ही निघालो. एस.टी.ची गाडी ठरवली होती. पहाटे चारला नारळ फोडला आणि कोल्हारवरून लोणीच्या रस्त्याला लागलो. लोणीला उजाडले. तेथला साखर कारखाना १९५० साली शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून उभा केला, विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला प्रथमच जाणवले, की त्या कारखान्याच्या आधी ऊस होता आणि उसाच्या आधी पाट होता. आपल्या शेजारचे हरेगाव, तिथला बेलापूर कंपनीचा जुना कारखाना, आणि आपले श्रीरामपूर, सगळे पाटाच्या मागून आले. श्रीरामपूरच्या स्टेशनावर अजून 'बेलापूर' हीच पाटी आहे, कारण रेल्वे आली तेव्हा नाव घेण्याजोगे गाव आपलेच होते. पाट आला आणि माळावर शहर उभे राहिले.

पुढे संगमनेर, अकोले, राजूर. अकोल्यास अगस्ती ऋषींच्या आश्रमात दर्शन घेतले. आपल्या प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनातले अमृत मोहिनीने नेवाशास वाटले आणि त्याचे थेंब या नदीत आहेत, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलो. राजूर सोडले आणि दोन्ही बाजूंना डोंगर आले. नदी उगम पावते ती रतनगडाच्या अंगाला. त्याच्या पायथ्याशी रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. म्हणजे अमृताचे नाव उगमापाशीही आहे आणि नेवाशापाशीही. मधला जो भाग आहे, तो आपला.

दुपारी अकराच्या सुमारास शेंडी गावाशी उतरलो आणि भिंत पाहिली. भगिनींनो, भंडारदऱ्याचे धरण मी चित्रात पाहिले होते. चित्रात ती उंची कळत नाही. भिंत ८२ मीटर उंच आहे, म्हणजे २७० फूट. लांबी ५०० मीटरांच्या थोडी वर. सगळी दगडचुन्याची. काम १९१० साली सुरू झाले. मधे पहिले महायुद्ध होऊन गेले. १० डिसेंबर १९२६ रोजी तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि धरणाला विल्सन यांचे नाव मिळाले. मागच्या जलाशयाला आर्थर तलाव म्हणतात.

हे धरण का बांधले, तेही सांगते. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ दख्खनमध्ये पडले. माणसे आणि जनावरे मेली. त्यानंतर सरकारने पाटबंधारे आयोग नेमला. दुष्काळापासून बचाव करायचा तर सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून खाली कोरड्या मुलखात नेला पाहिजे, हा विचार तेव्हा पक्का झाला. दारणा, भाटघर, भंडारदरा ही सगळी त्याच विचाराची कामे. घाटघर-रतनवाडीला वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. त्या भागाला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आपल्याकडे वीस इंच पडला तरी आपण देवाला पेढे ठेवतो. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोके आहेत आणि त्यांना जोडणारी एक नदी.

धरणात ११ टी.एम.सी. पाणी मावते. वर्तमानपत्रात आपण हा शब्द रोज वाचतो आणि पुरुष माणसे पारावर त्यावर भांडतात. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. मी रात्री मुक्कामावर नातवाच्या वहीत हिशोब मांडून पाहिला. आपला डोक्यावरचा हंडा पंधरा लिटरचा धरला, तर भरलेल्या धरणात दोन हजार कोटींहून जास्त हंडे होतात. आकडा वाचून दाखवला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आणि तरी मे महिन्यात नळाला पाणी नाही!" सगळ्या हसल्या. पण त्या बोलल्या ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, ते पुढे येईलच.

भिंतीकडे पाहताना मला दुसरेच काही दिसत होते. सोळा वर्षे हे काम चालले. दगड फोडायचा, घडवायचा, चुना मळायचा आणि तो वर चढवायचा. पाथरवट, गवंडी, वडार यांच्या बरोबरीने डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायाही अशा कामांवर असत. मी स्वतः रोजगार हमीच्या कामावर पाट्या वाहिलेल्या बायका जवळून पाहिल्या आहेत. तेव्हा २७० फूट म्हणजे किती पाट्या, हे मला कळते. धरणाला नाव मात्र उद्घाटन करणाऱ्याचे लागले. असो. १९६९ साली या भिंतीला भेगा दिसल्या आणि पुढे खालच्या अंगाने भक्कम टेकू बांधून ती सावरली. शंभरी गाठणाऱ्या म्हातारीला काठी द्यावी तसे ते टेकू दिसतात. पण म्हातारी उभी आहे आणि अजून घर चालवते आहे.

धरणाच्या मोरीतून पाणी सोडले की ते खालच्या गोल खडकावर पडून छत्रीसारखे पसरते. त्याला 'अंब्रेला फॉल' म्हणतात. तरुण मुलींना त्याचीच ओढ होती. आम्ही गेलो तेव्हा छत्री मिटलेली होती. आवर्तनाचे पाणी वीजघरातून जात होते.

हे वीजघर धरणाच्या पायथ्याशी आहे, १२ मेगावॅटचे. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून फाटकाशीच उभ्या राहिलो. तेथल्या एका साहेबांनी आम्हांला अर्धा तास सगळे समजावून सांगितले. त्यांची आई आमच्याच वयाची असावी. उंचावरचे पाणी मोठ्या नळातून खाली येते, चक्राच्या पात्यांवर आदळते, चक्र फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज होते. १२ मेगावॅट म्हणजे दहा वॅटचे बारा लाख दिवे एका वेळी. तेव्हा आपल्यातल्या एकीने जो प्रश्न विचारला तो पुष्कळांच्या मनात असेल, म्हणून सांगते. ती म्हणाली, "साहेब, वीज काढून घेतल्यावर त्या पाण्याचा कस जात असेल ना? पिकाला ते निःसत्त्वच लागत असेल." साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, पाण्यातून आम्ही काही काढत नाही. त्याची फक्त उडी वापरतो. जितके पाणी आत गेले तितके बाहेर येते. ते उंचावरून पडणारच होते. वाया जाणाऱ्या त्या पडण्याला आम्ही काम दिले." आणि पुढे म्हणाले, "पण एक लक्षात ठेवा, विजेसाठी म्हणून इथे पाणी सुटत नाही. खाली तुम्हांला पाणी हवे तेव्हा ते सुटते, आणि तेव्हाच वीज होते."

हे मला फार आवडले. आपल्या गव्हाला पाणी सुटते तेव्हा कोणाच्या तरी घरात दिवा लागतो, हे मला ठाऊक नव्हते.

तेथून पुढे तेच पाणी पुन्हा कामाला लागते. खाली रंधा धबधबा आहे. नदी तेथे एकदम खोल दरीत उडी घेते. त्या उडीचाही उपयोग करून कोदणीला ३४ मेगावॅटचे दुसरे वीजघर चालते. पाणी तिकडे वळवलेले असते तेव्हा रंध्याची धार बारीक होते. आमच्यातल्या काहीजणी त्यावर हळहळल्या. सगळे एकदम मिळत नाही, हे मात्र तेथे उभे राहून कळले.

तिसरे काम घाटघरचे, ते आम्ही लांबूनच पाहिले. २००८ साली सुरू झालेले हे वीजकेंद्र २५० मेगावॅटचे आहे आणि त्याचे वीजघर डोंगराच्या पोटात आहे. एक तलाव वर घाटमाथ्यावर, आपल्या बाजूला. दुसरा खाली कोकणात, शहापूर तालुक्यात. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालतात तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज करतात. रात्री वीज पडून असते तेव्हा तिच्यावर पंप चालवून तेच पाणी पुन्हा वर चढवतात. चढवायला जास्त वीज लागते, उतरताना कमी मिळते. हिशोबात तोटाच. पण हवी तेव्हा मिळते, हा फायदा. आपण नाही का, पाहुणे आले की शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो आणि परत देताना वाटीला शीग लावून देतो. तसेच ते.

रात्री शेंडीला मुक्काम केला. आमची भाकरी-पिठले करायला जवळच्या पाड्यावरची एक बाई आली होती. महादेव कोळी समाजाची, पन्नाशीची असेल. जेवणे झाल्यावर ती आमच्यात बसली. मी विचारले, "बाई, तुमचे शेत कुठे?" तिने हात पाण्याकडे केला. म्हणाली, "आजोबाचं भातखाचर तितं हाय, खाली. आता हाय त्ये वरच्या उताराला. नाचणी व्हती, वरई व्हती. भात थोडका." मी म्हणाले, "पण पाण्याला तुम्हांला काय कमी? दारात धरण आहे." ती हसली आणि म्हणाली, "धरण उशाला अन् कोरड घशाला म्हंत्यात ना, ते आमचंच. पावसाळ्यात घरात वल जात नाही, अन् चैत-वैशाखात झऱ्याला वाटीवाटीनं हंडा भरायचा. पानी खालच्या अंगाला, आमी वरच्या अंगाला. पानी वर चढत नाही, बाय."

मग तिने मला विचारले, "तुमच्याकडं पानी किती दिसांनी येतं? अन् आलं म्हंजे काय करता?"

साधाच प्रश्न. मी म्हणाले, "ऊस करतो, गहू करतो." ती म्हणाली, "बरं हाय. आमचं खाचर गेलं त्याचं कुनाचं तरी पीक झालं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर नदीवरचे निळवंडे धरण लांबून दिसले. हे दुसरे धरण १९७० साली मंजूर झाले आणि त्याच्या कालव्यात पाणी खेळले २०२३ साली. म्हणजे मंजुरीच्या वेळी जी मुलगी पाळण्यात होती, तिने आजी होऊन पाटाचे पाणी पाहिले. नदीच्या दोन्ही अंगांच्या दुष्काळी गावांतल्या बायका किती वर्षे वाट पाहत होत्या याचा विचार केला, म्हणजे आपले आवर्तन आठ दिवस लांबले की आपण जे बोलतो ते जरा कमी करावे असे वाटते.

मग संगमनेरच्या पुढे ओझरला आलो. खरे सांगते, मला सगळ्यांत जास्त ओझरच आवडले. तेथे उंच भिंत नाही, तलाव नाही, फोटो काढायला गर्दी नाही. नदीत आडवा दगडी बंधारा आहे आणि त्याच्यावरून पाणी पसरून पडते. तेथूनच प्रवरेचा डावा आणि उजवा कालवा निघतो. डाव्याचे पाणी आपल्याकडे येते.

बंधारा आणि धरण यांतला फरक मला तेथे कळला. धरण साठवते. बंधारा साठवत नाही, तो नुसता अडवतो आणि पाणी पाटाच्या तोंडापर्यंत उचलून देतो. लोखंडी दरवाजे हवे तेवढे उघडले की हवे तेवढे पाणी पाटात जाते, बाकीचे नदीने पुढे जाते. गाळ साचू नये म्हणून त्याला वेगळ्या मोऱ्या असतात.

आणि ओझर भंडारदऱ्याहून जुने आहे. येथे एकोणिसाव्या शतकातच बंधारा घालून कालवा काढला होता, राहुरीच्या बाजूला लाख गावाशीही तसाच एक काढला होता. पण वर साठा नव्हता. नदीला पाणी असेल तोवर पाटाला पाणी. उन्हाळ्यात पीक करपायला लागले की नदीही आटलेली. म्हणजे ज्या वेळी गरज, त्याच वेळी हात रिकामा. म्हणून पुढे वर धरण बांधले. आता भंडारदऱ्याचे पाणी नदीच्या पात्रातूनच पाऊणशे-ऐंशी किलोमीटर वाहत येते आणि ओझरला पुन्हा अडवून पाटात घालतात. वाटेत थोडे उन्हात उडते, थोडे वाळूत मुरते, थोडे मोटारी लावून उचलले जाते. आपल्या चारीला जे लागते ते एवढ्या सगळ्यातून शिल्लक राहिलेले.

बंधाऱ्याच्या कडेला बसून आम्ही नदीची ओटी भरली. आणि तेथेच मला आमचे खालचे शेत आठवले. ते तुमच्यातल्या पुष्कळजणींनी पाहिले आहे, पण त्याची खरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. आज सांगते.

आमची पाटाखाली साडेतीन एकर जमीन. त्यातला खालच्या अंगाचा दीड एकर वीस-बावीस वर्षांपूर्वी पांढरा पडायला लागला. आधी उसाची उगवण विरळ झाली, मग पाने पिवळी, मग जमिनीवर पिठासारखा पापुद्रा. आम्ही सगळ्यांना सांगत होतो, पाट गळतो म्हणून आमची जमीन खारावली. मीही सांगत होते. शेवटी माती तपासायला आलेल्या साहेबांनी तेथे खड्डा घ्यायला लावला. तीन फुटांवर पाणी! त्यांनी विचारले, "पाळीला किती पाणी देता?" आमच्याकडचे पुरुष माणूस गप्प बसले.

खरे असे होते. पाळी रात्रीची आली की बारे मोडून द्यायचे आणि बांधावर घोंगडी टाकून झोपायचे. सकाळपर्यंत सरीत गुडघाभर पाणी. पुन्हा कधी पाळी येईल कोण जाणे, मिळते आहे तोवर घ्या, हा हिशोब. आमची काळी जमीन, पाणी खाली जायला वाट नाही. ते साचत साचत वर आले. समईत वातीने तेल वर चढावे तसे ते मातीतून वर चढले, उन्हाने पाणी उडाले आणि क्षार वर राहिले. पाटाखालच्या काळ्या रानांत ठिकठिकाणी अशाच तऱ्हेने जमिनी गेल्या आहेत. आमची जमीन पाटाने नासली नाही. आम्हीच नासवली.

आणि हे आमच्या घरात एका माणसाला आधीच कळले होते. ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. उसाला पाणी भरताना त्या मामंजींना म्हणत, "भाजीत मीठ जास्त झालं तर पाणी घालता येतं. रानात पाणी जास्त झालं तर मीठ वर येईल." मामंजी म्हणत, "तुला काय कळतं त्यातलं?" मी तेव्हा नवी होते. मीही मनात म्हणाले, खरेच, यांना काय कळते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. तण त्यांनी काढले, बेणे त्यांनी लावले, रात्री कंदील घेऊन पाण्यावर त्या गेल्या, पण पाणी किती द्यायचे हे सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. पुढे चर खोदले, ताग गाडला, जिप्सम टाकले, उसाऐवजी गहू घेतला. सहा वर्षांनी त्या दीड एकरातला निम्मा तुकडा माणसात आला. बाकीचा अजून पांढराच आहे. सासूबाई ते पाहायला राहिल्या नाहीत.

ओझरला बसले असताना मला शेंडीच्या त्या बाईचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. पाणी आले म्हणजे काय करता? तिच्या आजोबाचे भातखाचर बुडाले, सोळा वर्षे बायामाणसांनी पाट्या वाहिल्या, दोन ठिकाणी त्या पाण्याने चक्रे फिरवली, रंध्याची धार त्याच्यासाठी बारीक झाली. एवढे सगळे होऊन ते पाणी माझ्या रानात आले आणि मी त्याचे मीठ केले. हे उत्तर मी तिला देऊ शकले नाही.

भगिनींनो, आणखी एक सांगते आणि मग संपवते. आपण बेलापूरकर वरच्या लोकांकडे पाहून म्हणतो, ते अडवतात. पण आपल्या खालीही माणसे आहेत. २०२३च्या नोव्हेंबरात प्रवरेतून पाणी पैठणच्या जायकवाडीकडे सोडले तेव्हा आपल्या भागात किती संताप होता! आमच्याही घरात होता. आपल्या डोळ्यांदेखत आपल्या नदीतून पाणी पुढे चालले आहे, हे पाहवत नाही. पण मराठवाड्यातल्या एखाद्या बाईच्या दृष्टीने त्या दिवशी आपण वरचे होतो, जसे आपल्या दृष्टीने अकोल्याचे लोक वरचे असतात. वाटप कसे असावे हे ठरवायला कायदा आहे, सरकार आहे, न्यायालय आहे. त्यात मला पडायचे नाही. आपला वाजवी हक्क आपण सोडावा असेही मी म्हणत नाही. पण ज्याने हक्क सांगायचा त्याने हिशोबही दाखवायला हवा. आमचे पांढरे रान पाहून कोणी विचारले, की तुम्हांला पाणी कशाला हवे, तर मी काय सांगू?

घरात एक हंडा पाणी आले तर ते पिण्याला किती, भांड्यांना किती, तुळशीला किती, हे आपण न मोजता मोजतो. डाळ धुतलेले पाणी आपण झाडाला घालतो. एवढी मोजदाद जिला येते, तिला रानात मात्र कोणी विचारत नाही. २००५ सालच्या कायद्याने पाटाखाली पाणीवापर संस्था करता येतात. पाणी मोजून घ्यायचे, आपापसांत पाळी लावायची, पट्टी भरायची, चारी दुरुस्त करायची, हे सगळे शेतकऱ्यांच्याच हाती. पण सभासद कोण? जमीन ज्याच्या नावे तो. म्हणजे पुन्हा सातबाराच आला. माझे नाव सातबाऱ्यावर लागले ते यजमान गेल्यावर. जे काम ते असताना आनंदाने झाले असते, ते मी डोळे पुशीत तलाठ्यासमोर केले. तुमच्यावर ती वेळ येईपर्यंत थांबू नका.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे, तीही लहानशीच. एक, ज्यांच्या घरी पाटाखालची जमीन आहे त्यांनी या वर्षात घरच्यांशी बोलून आपले नाव सातबाऱ्यावर लावून घ्यावे. अर्ज लिहायला मंडळात लिहिणाऱ्या पुष्कळजणी आहेत. दोन, चारीवरची बैठक असेल तेव्हा आपल्यातल्या दोघीतिघींनी जाऊन बसावे. बोलायला जमले नाही तरी बसावे. आणि तीन, रात्रीची पाळी असेल त्या रात्री बांधावर झोपणाऱ्या माणसाला दर तासाला उठवावे. हे तिसरे काम तर कायद्याशिवायही आपल्याला येते.

पुढच्या माघात पुन्हा शेंडीला जायचे असे आम्ही काहीजणींनी ठरवले आहे. त्या बाईने मला हंडाभर हिरडे दिले होते. मी तिला आमच्या त्या परत माणसात आलेल्या तुकड्यातला गहू नेणार आहे. पायलीभरच आहे. पण तो मोजून दिलेल्या पाण्याचा आहे, हे तिला सांगता येईल.